स्टॉपवॉच आणि इंजेक्शन

जुलैतल्या एका रात्री साडेअकरा वाजता धाकट्या बहिणीचा मेसेज आला. ‘दादा, इंडस्ट्रियल की बायो? एका शब्दात सांग. लेक्चर नको.’

बारावीला तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवले होते. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममध्ये तिच्यापुढे बरेच पर्याय होते आणि ते तिने दोनवर आणले होते. एक इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. वस्तू कमी वेळात, कमी खर्चात, कमी चुका होऊन कशा बनतील आणि वेळेवर कशा पोचतील, याचा अभ्यास. दुसरी बायोइंजिनिअरिंग. म्हणजे जिवंत शरीर आणि सूक्ष्म जीव यांच्याशी यंत्रांची गाठ घालून द्यायची विद्या. फॉर्म बंद व्हायला चार दिवस होते.

मी टाइप करायला लागलो, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी ‘रविवारी घरी येतो’ एवढंच पाठवलं.

दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मलाही पडला होता. इंडस्ट्रियलला पप्पांनी नकार दिला. बायोला मामांनी. ‘शिकून करणार काय? नोकरी कुठे आहे त्यात?’ मग सगळे घेतात ते कॉम्प्युटर मी घेतलं. आज सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पगार बरा आहे, घराचा हप्ता जातो. पण पप्पा तेव्हा एवढे का चिडले होते, हे मला नीट समजलं नव्हतं. ते समजून घ्यायला म्हणून मी या दोन शाखांच्या इतिहासात शिरलो आणि बराच आत गेलो. बहिणीला लेक्चर नको होतं, म्हणून ते इथे लिहितोय.

घड्याळवाला

पप्पा भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. पत्र्याचा तुकडा डायखाली ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, प्रेस खाली येते, पत्र्याला आकार येतो, तो काढायचा, पुढचा ठेवायचा. बटणं दोन एवढ्याचसाठी, की प्रेस खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत.

मी पहिलीत असताना त्यांच्या शॉपमध्ये एक माणूस आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पॅड, पॅडला अडकवलेलं स्टॉपवॉच. तीन दिवस तो पप्पांच्या मागे उभा राहून लिहीत होता. कुणाशी काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात पाळीचा नॉर्म वाढला. वाढलेला आकडा गाठायचा तर दोन बटणांना लागणारा वेळ परवडेना. मग शेजारच्या प्रेसवर झालं तेच पप्पांच्या प्रेसवरही झालं. एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं. सुपरवायझरने ते पाहिलं आणि तो पुढे गेला.

दिवाळीच्या आठवडाभर आधी पप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

पप्पा प्रेसला दोष देत नाहीत. चिकटपट्टीलाही नाही. ते एवढंच म्हणतात, ‘तो घड्याळवाला एक पाळी माझ्या जागी उभा राहिला असता, तर त्याने तो आकडा लिहिला नसता.’ घड्याळवाला म्हणजेच इंडस्ट्रियल इंजिनिअर, हे त्यांनी कुठूनतरी पक्कं करून घेतलं होतं. आपला मुलगा तसा होणार, हे त्यांना सहन होईना.

इतिहास वाचल्यावर कळलं की पप्पांचं फारसं चुकत नव्हतं.

साडेबारा टनांपासून साडेसत्तेचाळीस टनांपर्यंत

फ्रेडरिक विन्स्लो टेलर हा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा खात्यापित्या घरातला मुलगा. १८८० च्या दशकात मिडव्हेल स्टील या कारखान्यात काम करताना त्याच्या लक्षात आलं, की एखाद्या कामाला खरोखर किती वेळ लागायला हवा हे मालकाला माहीत नसतं. कामगाराला माहीत असतं, पण तो सांगत नाही. कारण सांगितलं की दर कमी होतो. टेलरने यावर उपाय काढला. कामाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा स्टॉपवॉचने मोजायचा आणि कोणतं काम किती वेळात व्हायला हवं हे कामगाराला न विचारता ठरवायचं.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट १८९९ ची, बेथलेहेम स्टीलमधली. तिथे मजूर ९२ पौंडांचे, म्हणजे सुमारे ४२ किलोंचे लोखंडाचे ठोकळे उचलून रेल्वेच्या डब्यात टाकत. एक मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन माल भरायचा. टेलरने मोजमाप करून जाहीर केलं, की योग्य माणूस निवडला, कधी उचलायचं आणि कधी बसायचं हे त्याला सांगितलं, तर तो दिवसाला साडेसत्तेचाळीस टन भरू शकतो. त्याने एक माणूस निवडला. पुस्तकात त्याचं नाव श्मिट असं दिलंय. खरं नाव हेन्री नोल. श्मिटची मजुरी रोज १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, पगार दीडपटीहून थोडा जास्त. हे काम करणाऱ्या माणसाची तुलना टेलरने आपल्या पुस्तकात बैलाशी केली आहे.

टेलरला निव्वळ खलनायक करणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. फावड्याने माल उचलणाऱ्यांचा अभ्यास करताना त्याला दिसलं, की सगळे एकच फावडं वापरतात. हलका कोळसा असो की जड खनिज. त्याने हिशेब मांडला, की एका वेळी साधारण साडेएकवीस पौंड, म्हणजे दहा किलोंच्या आसपास वजन आलं तर माणूस दिवसभरात सगळ्यात जास्त माल हलवतो. मग प्रत्येक मालासाठी वेगळ्या मापाचं फावडं ठेवलं. इथे बदल हत्यारात झाला. श्मिटच्या वेळी तो माणसात झाला होता. टेलरच्या मनात या दोन गोष्टींत फरक नव्हता. कामगारांच्या मनात मात्र होता.

टेलरचं ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ १९११ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतारी कामगार स्टॉपवॉच पाहून काम सोडून बाहेर पडले. अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमली, टेलरला तिच्यापुढे उत्तरं द्यावी लागली. काही वर्षांतच सरकारी शस्त्रागारांमध्ये स्टॉपवॉचने वेळ मोजण्यावर बंदी आली. एका हातात मावणाऱ्या घड्याळावर बंदी घालायची वेळ देशाच्या संसदेवर आली होती.

दरम्यान पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजमध्ये १९०८-०९ च्या सुमारास हा विषय पदवीसाठी शिकवायला सुरुवात झाली. नाव ठेवलं, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. म्हणजे बहिणीच्या फॉर्ममधली पहिली शाखा जन्मली तेव्हापासूनच भांडणात आहे.

दोन मागांचे तीन माग

हे भांडण आपल्याकडे यायला वीस वर्षंही लागली नाहीत. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्या जपानी कापडाच्या स्पर्धेने अडचणीत होत्या. काही गिरण्यांनी, त्यात ससून गटाच्या गिरण्या पुढे होत्या, ‘एफिशियन्सी’च्या योजना आणल्या. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे. सूतकताई खात्यातल्या कामगाराने पूर्वीच्या दुप्पट काम पाहायचं. कागदावर हिशेब चोख होता.

गिरणगावाचं म्हणणं वेगळं होतं. स्वस्त कापूस वापरला की सूत कच्चं येतं. कच्चं सूत सारखं तुटतं. तुटलेला धागा सांधायला माणूस पळतो. तीन माग सांभाळायचे असतील तर आधी सूत सुधारा. आणि ज्यांची गरज उरणार नाही, ती माणसं कुठे जाणार? १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, मुंबईतले सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. त्यांच्या मागण्यांमध्ये पगारकपातीबरोबर या योजनाही होत्या. संप मिटवताना सरकारला फॉसेट समिती नेमून हा सगळा प्रश्न तिच्याकडे सोपवावा लागला.

हे वाचताना मला पप्पांचं बटण आठवत होतं. माणसाचा वेग मोजला, पण सूत किती वेळा तुटतं हे मोजलं नाही. हाताचा वेग मोजला, पण हात कुठे असतो हे मोजलं नाही. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. ते अर्धंच बोलत होतं.

विटा, शस्त्रक्रिया आणि बारा मुलं

या अर्ध्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग शोधणारं एक जोडपं टेलरच्याच काळात होतं. ते सापडल्यावर माझा सगळा लेख बदलला.

फ्रँक गिल्ब्रेथ हा गवंडी. कॉलेजात गेला नाही, सतराव्या वर्षी विटा रचायला शिकायला लागला. त्याला शिकवणारे वेगवेगळ्या पद्धतींनी वीट रचत. नेमकी बरोबर कोणती, हे त्याला कुणी सांगेना. त्याने स्वतःच पाहायला सुरुवात केली. गवंडी प्रत्येक विटेसाठी वाकतो, म्हणजे दिवसातून हजारो वेळा आपल्या शरीराचं वजन खाली-वर करतो. त्याने विटांचा ढीग कमरेच्या उंचीला येईल असं मचाण बनवलं. वीट उचलताना तिची चांगली बाजू शोधावी लागू नये म्हणून विटा आधीच लावून ठेवल्या. एका विटेमागच्या १८ हालचाली पाचवर आल्या. ताशी १२० विटांच्या जागी ३५० विटा बसू लागल्या आणि गवंड्याची पाठ वाचली.

त्याची बायको लिलियन मानसशास्त्राची. १९१५ मध्ये तिने ब्राउन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. दोघांना बारा मुलं झाली. हे जोडपं स्टॉपवॉचपेक्षा सिनेमाच्या कॅमेऱ्यावर जास्त विसंबायचं. त्यांना ‘किती वेळ लागला’ यापेक्षा ‘शरीर काय काय करतं’ हे पाहायचं होतं. १९१६ मध्ये त्यांनी ‘फटीग स्टडी’ हे पुस्तक लिहिलं. थकवा या एका गोष्टीवर अख्खं पुस्तक.

मग फ्रँकने कॅमेरा ऑपरेशन थिएटरमध्ये नेला. त्याला दिसलं, की सर्जन शस्त्रक्रियेतला बराच वेळ हत्यार शोधण्यात घालवतो. पोट उघडं, रोगी बेशुद्ध आणि डॉक्टर ट्रेमध्ये चिमटा शोधतोय. फ्रँकने सुचवलं, सर्जनने हात पुढे करावा आणि नर्सने मागितलेलं हत्यार तळहातावर ठेवावं. आपण सिनेमात पाहतो तो ‘सिझर्स’, ‘फोर्सेप्स’चा प्रसंग याच माणसाच्या सूचनेतून रुळला, असं मानलं जातं.

पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांचे लोंढे युरोपातल्या इस्पितळांत आले, तेव्हा गिल्ब्रेथ पती-पत्नींनी त्यांच्यासाठी काम केलं. एक हात नसलेला माणूस कोणतं काम कसं करू शकेल? यंत्रात, खुर्चीत, टेबलात काय बदललं तर तो पुन्हा कमावू लागेल? या कामावरचं त्यांचं पुस्तक १९२० मध्ये आलं.

इथे मी थांबलो. हे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग की बायोइंजिनिअरिंग? फॉर्मवर या माणसाला कुठल्या रकान्यात टाकायचं?

१९२४ मध्ये फ्रँक हृदयविकाराने गेला. मुलांची जबाबदारी लिलियनवर आली आणि नवऱ्यासोबत तिला सल्लागार म्हणून बोलावणाऱ्या काही कंपन्यांनी एकट्या बाईला काम द्यायला नकार दिला. मग ती स्वयंपाकघराकडे वळली. ओटा किती उंच असावा, शेगडी आणि पाण्याचा नळ यांत अंतर किती असावं. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचंही श्रेय तिला दिलं जातं. पुढे हृदयविकार असलेल्या बायकांना दम न लागता काम करता यावं, अशा स्वयंपाकघराचा आराखडा करण्यात तिचा वाटा होता. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडली गेलेली ती पहिली स्त्री.

कामगार संघटना गिल्ब्रेथ जोडप्यावरही खूश नव्हत्या, हे सांगायला हवं. हालचाली कमी केल्या की माणसंही कमी केली जातात, हा त्यांचा अनुभव होता. तरीही टेलर आणि गिल्ब्रेथ यांच्या मोजण्यात मला एक साधा फरक दिसतो. फ्रँकने मोजण्याआधी स्वतः विटा रचल्या होत्या.

आईचं इंजेक्शन

आता दुसरा रकाना. तोही आमच्या घरात आहे.

आईला लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले आणि तो आजार हृदयाच्या झडपेवर गेला. ऱ्हुमॅटिक फीवर. असा रोगी पुन्हा घशाच्या संसर्गात सापडला तर झडप आणखी बिघडते. म्हणून वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. मला आठवतं तेव्हापासून कॅलेंडरवर आईच्या तारखांना लाल गोल असायचे. ते इंजेक्शन फार दुखतं. घेऊन आली की दिवसभर लंगडायची, तरी भाकऱ्या थापायची.

या पेनिसिलिनची अर्धी गोष्ट आपण शाळेत वाचतो. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे मुंबईच्या गिरण्या बंद होत्या तेव्हाच, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेले. गोष्ट इथे संपते. खरं तर त्यानंतर बारा-तेरा वर्षं कुणालाही त्याचं औषध मिळालं नाही.

कारण ते बनवता येत नव्हतं. बुरशीला हवा लागते, म्हणून ती द्रवाच्या फक्त पृष्ठभागावर वाढते. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी १९४० मध्ये हाताशी येतील त्या उथळ भांड्यांत बुरशी वाढवली. त्यात इस्पितळातली बेडपॅनही होती. १९४१ च्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पहिल्यांदा औषध दिलं. तो सुधारायला लागला. मग साठा संपत आला. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचलं. तेही संपलं. तो गेला. औषध सापडलं होतं आणि माणूस औषधाअभावी मेला.

पुढचा टप्पा अमेरिकेत झाला. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यात बुरशी जोमाने वाढते, हे कळलं. बाजारातल्या एका खराब खरबुजावर जास्त पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली. आणि फायझर कंपनीने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात मोठाल्या टाक्या बसवल्या. बुरशी पृष्ठभागावर न वाढवता टाकीभर वाढवायची, तर खालून जंतुविरहित हवा सोडायची, सतत ढवळायचं, तापमान सांभाळायचं आणि बाहेरचा एकही जंतू आत येऊ द्यायचा नाही. एक जंतू शिरला की टाकी फुकट. १९४४ च्या मार्चमध्ये तो कारखाना सुरू झाला. त्या काळात पेनिसिलिनच्या कारखान्याचा आराखडा करणाऱ्यांत मार्गारेट हचिन्सन रूसो ही केमिकल इंजिनिअर होती.

बुरशीला काय आवडतं हे जीवशास्त्र. टाकीच्या तळापर्यंत हवा कशी पोचेल हे इंजिनिअरिंग. आज बायोटेक शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासक्रमातलं फर्मेंटेशन या टाक्यांमधून आलं.

आणि टाक्या तिथेच थांबल्या नाहीत. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन बनवायला सुरुवात केली. कुठे? पिंपरीत. आमच्या घरापासून काही किलोमीटरवर. आम्ही जिला नुसतं ‘एच.ए.’ म्हणतो, जिच्या कॉलनीवरून बसथांबा ओळखतो, ती कंपनी. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीची सुरुवात सांगताना लोक तिच्यापासूनच सांगतात. ज्या औद्योगिक पट्ट्यात पुढे पप्पांची बोटं गेली, त्याच्या सुरुवातीला आईचं औषध होतं.

लाकडी ढोल आणि रबरी पाय

बायोइंजिनिअरिंगची दुसरी वाट टाकीतून जात नाही, थेट शरीरापाशी येते. १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरने लाकडी पट्ट्यांच्या ढोलाभोवती सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी गुंडाळली, तिच्यातून रोग्याचं रक्त फिरवलं आणि ढोल मिठाच्या पाण्यात फिरवला. रक्तातली घाण नळीच्या पडद्यातून पाण्यात उतरू लागली. डायलिसिसची ही सुरुवात. पहिले बहुतेक रोगी वाचले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली.

आपल्याकडचं उदाहरण जयपूर फूट. १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकूड वापरून पाय बनवला. परदेशी पाय बुटात घालायचा, खुर्चीवर बसायचा. हा पाय अनवाणी चालतो, चिखलात जातो, उकिडवं बसू देतो, मांडी घालू देतो. इथे मोजमाप त्याच्या जगण्याचं झालं. गिल्ब्रेथने ज्या सैनिकांसाठी खुर्च्या बदलल्या, त्यांची ही पुढची पिढीच म्हणायची.

मीच घड्याळवाला

भारतात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरण म्हणून आली. १९५८ मध्ये नॅशनल प्रॉडक्टिव्हिटी कौन्सिल, १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने मुंबईत पवईला ‘नायटी’. २०२३ पासून तिचं नाव आयआयएम मुंबई आहे. आज या शाखेत वर्क स्टडीबरोबर सांख्यिकी, गुणवत्ता नियंत्रण, मालसाठा, पुरवठा साखळी, एर्गोनॉमिक्स असं बरंच शिकवतात. स्टॉपवॉच जवळजवळ दिसत नाही.

कारण ते माझ्या लॅपटॉपमध्ये आलंय.

मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. चाकणजवळच्या एका गोदामात शेकडो मुलं-मुली हातात स्कॅनर घेऊन रॅकमधून माल काढतात. स्क्रीनवर पुढची वस्तू, रॅकचा नंबर आणि खाली एक आकडा. उरलेले सेकंद. ते संपले की स्क्रीन लाल होते. तो लाल रंग मी लिहिलाय. किती सेकंद द्यायचे, याचं सूत्रही माझ्याच टीमचं. मागच्या महिन्यात जे सगळ्यात वेगाने चालले, त्यांच्या सरासरीवरून ते निघतं. म्हणजे दर महिन्याला एक नवा श्मिट निवडला जातो. पाणी प्यायला किंवा बाथरूमला गेलेला वेळ ‘आयडल’ म्हणून मोजला जातो. मी त्या गोदामात एकदाच गेलोय, अर्धा तास, वातानुकूलित केबिनमध्ये.

पप्पांनी मला इंडस्ट्रियलला जाऊ दिलं नाही. मी कॉम्प्युटरला गेलो आणि घड्याळवालाच झालो. गोदामाकडे पाठ करून उभा असलेला घड्याळवाला.

रविवार

रविवारी घरी गेलो. बहीण फॉर्म उघडून बसली होती. मी तिला एका शब्दात उत्तर दिलं नाही, पण लेक्चरही दिलं नाही. दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, पप्पांच्या बोटांची. मशीन चांगलं होतं, नॉर्म काढणाऱ्याने गणितही बरोबर केलं असेल. कमी होती ती शरीराच्या ज्ञानाची. दमलेला हात तीन तासांनंतर काय करतो, घाईत माणूस कोणता बचाव सगळ्यात आधी काढून टाकतो, हे माहीत असलेलं कुणी तिथे नव्हतं.

दुसरी, आईच्या इंजेक्शनची. तिलाही ती आठवत होती. आम्ही दोघं सायकलवरून पाच-सहा मेडिकल फिरायचो आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर. ‘माल नाही.’ चाळीसच्या दशकापासून माहीत असलेलं औषध, किंमत अगदी कमी. किंमत कमी म्हणून बनवणारे थोडे आणि एकाचं उत्पादन अडलं की सगळीकडे तुटवडा. तिथे नवं जीवशास्त्र लागत नव्हतं. किती बनवायचं, कुठे साठवायचं, कोणत्या दुकानात कधी पोचवायचं, हे लागत होतं.

‘म्हणजे पप्पांना बायोवालं कुणी हवं होतं आणि आईला इंडस्ट्रियलवालं,’ ती म्हणाली.

मला हेच सांगायचं होतं, पण इतकं थोडक्यात जमलं नव्हतं.

पप्पा बाहेर पेपर वाचत होते. ते आत आले, चष्मा लावून तिची यादी पाहिली. पहिल्या नंबरला बायो होतं, दुसऱ्याला इंडस्ट्रियल. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिने तसं ठेवलंय, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. पप्पा थोडा वेळ उभे राहिले. मग डाव्या हाताचं राहिलेलं बोट स्क्रीनवर ठेवून म्हणाले, ‘तुला खरं कोणतं पाहिजे?’

ती काही बोलली नाही. तिने दोन ओळींची अदलाबदल केली.

‘बरं,’ पप्पा म्हणाले. ‘पण कुणाचा वेळ लिहायच्या आधी एक पाळी त्याच्या जागी उभी राहा.’

सोमवारी ऑफिसात मी एक तिकीट टाकलं. पाणी आणि बाथरूमचा वेळ ‘आयडल’मधून काढावा, सेकंदांचं सूत्र बदलावं. प्रायॉरिटी ‘लो’ लागली आहे आणि ते अजून उघडंच आहे. मग मी मॅनेजरला विचारलं, एक दिवस चाकणच्या गोदामात स्कॅनर घेऊन पिकर म्हणून काम करू का? त्याने दोनदा विचारलं, ‘कशासाठी?’ शेवटी हो म्हणाला.

येत्या बुधवारी सकाळची पाळी आहे. सहा वाजता गेटवर हजर राहायचंय.